दक्षतेचं पान

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, धुळ्याचे आबा घरच्या ग्रुपमधून का गेले आणि तुझ्याशी का बोलत नाहीत. तुमच्या आईने घाईघाईने विषय बदलला आणि मला भाजी काय केली ते विचारलं. मी गवार म्हणाले. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं अशी माझी जन्माची शिस्त आहे. फोनवर सांगितलं तर मध्ये तुमची आई बोलेल, म्हणून लिहिते. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. तेवढ्यापुरतं तिला बोलू द्या.

थोडक्यात उत्तर असं की मी त्यांच्यावर सूड घेतला. रागाच्या भरात नव्हे, ठरवून. आता सविस्तर.

धुळ्याचे आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला वहिनी म्हणायचे. धुळ्यात त्यांना सगळे नाना म्हणतात. जन्मभर विजेच्या खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि आवाजाचा नाद लागला. अ‍ॅम्प्लिफायर, हेडफोन, हे आणि ते. शिंदखेड्यापासून भुसावळपर्यंतची त्यांच्यासारखीच पाचसहा नादिष्ट माणसं जमवून त्यांनी फोनवर एक मंडळ काढलं. मीही त्या मंडळात आहे. एकटीच बाई. मी तीस वर्षं जळगावात मुलींच्या कॉलेजात फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेतली, हे त्या मंडळात कुणाला माहीत नव्हतं. भाऊंना माहीत होतं, पण ते सांगायचे, "वहिनींना सोल्डरिंगचा छंद आहे. बायकांचा हात बारीक कामाला बरा चालतो."

हा छंद मला गिरणीने लावला. आपल्या घराला लागून पिठाची गिरणी आहे, तुम्ही लहान असताना तिचा पट्टा बघायला उभे राहायचात. मी गाणं ऐकते मागच्या खोलीत, कारण ती उन्हाळ्यात थंड असते. गाणं वाजवणारं यंत्र मात्र पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात, कारण त्याची जागा तिथे आहे. मधली वायर गिरणीच्या भिंतीलगत वीस फूट जाते. गिरणी चालू झाली की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज सुरू. सकाळी नऊ ते एक घूं, चार ते सात घूं. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, "यंत्र मागे ने." मी यंत्र हलवत नाही. मी वायर बदलली.

ही विद्या माझ्या वडिलांची. ते भुसावळला रेल्वेत टेलिफोनच्या तारांवर देखरेख करायचे. रुळांच्या कडेने खांबांवरून तारा जायच्या, आणि प्रत्येक बोलण्याला तारा दोन असायच्या. मी लहानपणी विचारलं होतं, एकीने भागत नाही का? त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला रुळावरच्या ढकलगाडीवर शेजारी शेजारी उभं केलं आणि माणसांना गाडी ढकलायला लावली. गाडी हादरत होती, आम्ही दोघी वरखाली होत होतो. ते चालता चालता म्हणाले, "जमिनीवरून तुझी उंची मोजायला गेलो तर मोजता येईल का? नाही. हादऱ्याने चुकेल. पण तू तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहेस ना? गाडी किती का हादरेना, ती चार बोटं हलणार नाहीत. हादरा दोघींना सारखाच बसतो."

एवढंच आहे ते. दोन तारा घ्यायच्या, एकमेकींभोवती पिळायच्या. आवाज एकीवर सुलटा पाठवायचा, दुसरीवर उलटा. वाटेत गिरणीची घूं दोघींना सारखीच चिकटते. पलीकडच्या टोकाला फक्त दोघींतला फरक घ्यायचा. घूं सारखी असल्यामुळे फरकात येतच नाही. आवाज उलटसुलट असल्यामुळे दुपटीने येतो. वायर पिळून लावली त्या दिवशी मी गिरणी चालू असताना मुद्दाम काहीही न लावता कानाला हेडफोन घालून बसले. शांतता होती. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण मी त्यांना मोठ्याने "जमलं" म्हणाले.

मग मी पुढे गेले आणि हेडफोनसुद्धा तसाच जोडायचं ठरवलं. खरं सांगायचं तर हेडफोनच्या हातभर वायरीला घूंची भीती नसते. तिथला फायदा वेगळा आहे. साध्या हेडफोनला तीनच तारा असतात. डाव्या कानाची एक, उजव्याची एक, आणि परतीची दोघांत मिळून एक. दोन घरांची मोरी एकच असली की एकाने बादली ओतल्यावर दुसऱ्याच्या मोरीत बुडबुडे येतात ना, तसं डाव्याचं थोडं उजव्यात उतरतं. मी चार तारा केल्या. डाव्याच्या दोन, उजव्याच्या दोन, मोऱ्या वेगळ्या. आणि त्यांना चालवायला आत चार सारखे विभाग असलेला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. प्रत्येक कानामागे दोन विभाग, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. लाल आणि काळी तार डाव्याला, पांढरी आणि काळी उजव्याला. दोन्हीकडे काळी, कारण दुकानात पिळलेल्या जोड्या तशाच मिळाल्या. पण त्या डब्यात एकही तार मेलेली, म्हणजे नुसती परतीची, नव्हती. चारही जिवंत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे सगळं मी वहीत लिहिलं, कॉलेजात लिहून घ्यायचे तसं. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि शेवटच्या पानावर दक्षता. तुम्हाला एक गंमत सांगते. तीस वर्षं मी मुलींच्या वह्या तपासल्या. मुली एकमेकींच्या वह्यांतून उतरवतात हे मला माहीत होतं. आकृती उतरवतील, निरीक्षणाचा तक्ता उतरवतील, अगदी दुसरीची चूकसुद्धा उतरवतील. दक्षतेचं पान कोणीही उतरवत नसे. तोपर्यंत हात दुखलेला असतो, आणि वाटतं त्यात काय असणार.

मागच्या दिवाळीत भाऊ जळगावला आले होते. मी चहा करत होते तेव्हा ते माझ्या टेबलाशी बसून वहीची पानं फोनमध्ये टिपत होते. मी कप आणून ठेवला तर म्हणाले, "वहिनी, बघतोय नुसतं. छान अक्षर आहे तुमचं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागितली असती तर आख्खी वही दिली असती.

दीड महिन्याने मंडळातल्या शिंदखेड्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा मला फोन आला, नेहमीसारखा अहिराणीत. "अक्का, तुमना देरनी तं कमाल करी! काय डब्बा बनावेल शे!" देर म्हणजे दीर. मी मंडळाचा ग्रुप उघडून पाहिला. भाऊंनी त्यांच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा फोटो टाकला होता. माझाच डबा, माझ्याच चार विभागांचा. आकृतीचाही फोटो होता, माझ्या अक्षरातला, वरचा कोपरा कापलेला. मी कोपऱ्यात नाव आणि तारीख लिहिते. खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझं स्वतःचं डिझाइन. बरेच दिवस डोक्यात होतं. जळगावच्या वहिनींनी कागदावर नीट काढून दिलं." त्याखाली अंगठे, हार आणि "नाना ग्रेट".

आता तुम्ही म्हणाल, आजी, एवढ्यावरून? नाही. एवढ्यावरून मी रागावले असते, दोन दिवस अबोला धरला असता. सूड घ्यायला जुनं काहीतरी लागतं. ते होतं.

मी लग्न होऊन धुळ्याला आले त्या पहिल्या वर्षी मी सासऱ्यांसाठी एक ट्रान्झिस्टर रेडिओ बांधला होता. भुसावळहून आणलेले सुटे भाग, सुताराकडून करून घेतलेली लाकडी पेटी. दुपारी स्वयंपाकघर आवरून झालं की मी माळ्याखाली बसून तो जोडायचे. लागला तेव्हा सासरे लहान मुलासारखे हसले. एके दिवशी त्यांच्याकडे विजेच्या खात्यातले एक साहेब जेवायला आले. पेटी पाहून त्यांनी विचारलं, "अरे वा, हा कोणी केला?" मी वाढत होते. माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. सासरे म्हणाले, "आमच्या धाकट्याने." सासऱ्यांना मी माफ केलंय. नवी सून रेडिओ बांधते हे साहेबांना कसं सांगावं, हे त्या काळच्या माणसाला उमगलं नसेल. पण धाकटा समोरच्याच पाटावर बसला होता. बावीस वर्षांचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि हसला. लाजल्यासारखं, मान थोडी खाली घालून, कौतुक स्वीकारताना हसतात तसं. मग म्हणाला, "आमटी वाढा ना वहिनी."

त्याच साहेबांच्या शब्दावर भाऊ पुढे खात्यात चिकटले. जन्मभराची नोकरी. त्या जेवणाच्या रात्री मी तुमच्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे, लहान आहे तो." मी जाऊ दिलं. ते मात्र गेलं नाही, एवढंच. पंचेचाळीस वर्षं मी ते हसू ओळखून आहे. मंडळातल्या त्या फोटोत, नव्या डब्यावर हात ठेवून उभे असलेले भाऊ, तेच हसत होते.

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. बायकांनी ग्रुपवर लिहिलं की त्याला तक्रार म्हणतात. मला तक्रार करायची नव्हती. मला हवं होतं की तो डबा कोणाचा आहे हे त्या सगळ्या माणसांना कळावं, आणि ते भाऊंच्या समोर कळावं, जसं ते माझ्यासमोर नाकारलं गेलं होतं. ते कसं घडवावं हे मात्र मला माहीत नव्हतं. ते भाऊंनीच फोन करून सांगितलं.

"वहिनी, वाजतोय बरं का डबा! नंबर एक."

"हेडफोन कोणता लावता?" मी विचारलं.

"मुलाने परदेशातून पाठवलाय तो. साधी पिन आहे त्याला, तीन तारांची. वायर कापायची हिंमत झाली नाही, एवढा महागाचा. मीच एक जोड केला मध्ये. दोन काळ्या होत्या ना तुमच्या, त्या घेतल्या एकत्र आणि परतीला दिल्या. न्यूट्रल ते न्यूट्रल. संपला विषय."

मी टेबलाशी बसलेली होते. हातातलं पेन खाली ठेवलं. विजेच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाच्या हाडात एक नियम असतो. घरातल्या सगळ्या काळ्या तारा शेवटी एकाच ठिकाणी जातात, काळी तार म्हणजे मेलेली तार. त्यांनी माझ्या दोन जिवंत तारा मेलेल्या समजून एकमेकींना बांधल्या होत्या. एक विभाग वर ढकलणार आणि दुसरा त्याच क्षणी दुसरीकडे ओढणार, आणि मध्ये काहीच नाही. दोन बैल एकमेकांच्या शेपटीला बांधल्यासारखे.

"गरम होतो का?" मी विचारलं.

"कोमट. चांगला अ‍ॅम्प्लिफायर तापायलाच पाहिजे, वहिनी."

"गाणी कोणती लावता?"

"माझी आवड तुम्हाला माहीत आहे. जुनीच. त्यांच्यापुढे आहे काय?"

आता सगळं जागच्या जागी बसलं. जुनी गाणी एकाच मायक्रोफोनवर घेतलेली असतात. डाव्याला आणि उजव्याला तंतोतंत एकच जातं. मग दोन्ही काळ्या तारा एकाच वेळी सारख्याच हलतात, बांधल्या तरी त्यांचं भांडण होत नाही. व्हॉल्यूमच्या बटणाच्या दोन बाजूंत जो किंचित फरक असतो तेवढ्यावर डबा कोमट होत होता. ज्या दिवशी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच असं काही मोठ्याने लागेल, त्या दिवशी तो जळणार होता.

मी सांगणार होते. खरंच. "भाऊ, आधी तो जोड काढा," हे शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं ऐका, संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळं मंडळ माझ्याकडे जमतंय, डबा ऐकायला. तुम्ही पण या. सुनेला भरीत करायला तुमची मदत होईल."

"बरं," मी म्हणाले.

त्या एका शब्दात माझं जे काही पाप आहे ते सगळं आलं. त्याहून मोठं नाही आणि लहानही नाही. भाऊंच्या जिवाला धोका नव्हता हे मी तपासून घेतलं होतं, आत सगळीकडे विजेचा दाब कमी होता. हेडफोनलाही काही होणार नव्हतं. जळलं असतं ते फक्त माझ्या वहीतून उतरवलेलं.

रविवारी सकाळी मी एसटीने निघाले. एरंडोल, पारोळा, धुळे. पिशवीत माझा अ‍ॅम्प्लिफायर, माझा चार तारांचा हेडफोन, वही आणि एक पेनड्राइव्ह. त्यात मी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग होतं. आपल्याकडे पोळ्या करायला येतात त्या बाईंच्या मुलीचं लग्न नशिराबादला झालं, तेव्हा मी मांडवात दोन मायक्रोफोन लांब लांब लावले होते. एक मुलीकडच्या बायकांपाशी, एक मुलाकडच्या. दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. डावीकडून एक टोला, उजवीकडून उत्तर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतसुद्धा याहून चांगला चाचणी संकेत मला कधी मिळाला नव्हता.

भाऊंच्या घरी वांगी भाजल्याचा वास दारापर्यंत आला होता. मंडळातले पाच जण सतरंजीवर बसले होते. भाऊ म्हणाले, "आल्या आमच्या ड्राफ्ट्समन! वहिनी, सून आत वाट बघतेय तुमची." मी आत गेले. मी वांगी सोलली, मिरच्या आणि लसूण ठेचला, आणि ऐकत होते. सून मला मोठ्या आई म्हणते. हळूच म्हणाली, "मोठ्या आई, दोन महिने झाले, घरात दुसरा विषय नाही. माझं डिझाइन, माझं डिझाइन."

बाहेर तासभर जुनी गाणी चालली. हेडफोन एकच, त्यामुळे एकाने ऐकायचं, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं, अशी ती मैफल होती. ऐकणारा डोळे मिटायचा आणि भाऊ विचारायचे, "काय? आहे की नाही?" तो मान हलवायचा. सगळे समाधानी.

मी हात पुसून बाहेर आले. "भाऊ, मीही एक आणलंय. लावता का?"

"काय आहे?"

"लग्नातली गाणी. नशिराबादची. मोठ्या आवाजात मजा येते त्याची."

"लावा की नाना," शिंदखेड्याचे शिक्षक म्हणाले. "आते तं आपली घरनी गाणी लागतीन."

भाऊंनी हेडफोन घातला, लावलं, आवाज वाढवला. हसायला लागले. "अरे काय बायका आहेत!"

"भाऊ," मी विचारलं, "डाव्या कानात कोण आहे आणि उजव्यात कोण?"

"दोन्हीकडे सगळ्याच. कालवा नुसता."

"डावीकडे फक्त मुलीकडच्या आहेत. उजवीकडे फक्त मुलाकडच्या. नीट ऐका. जरा वाढवा."

त्यांनी वाढवला. वहिनी सांगतात म्हणून नव्हे, वहिनी चुकतात हे दाखवायला वाढवला. "नाही हो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच गडबड आहे, वहिनी. सगळं एकत्र झालंय."

मी घड्याळाकडे पाहिलं. प्रयोगशाळेची सवय. मिनिटभर गेलं असेल.

"नाना," शिक्षक नाक वर करून म्हणाले, "काय जळी राह्यनं?"

"भरीत," भाऊ कानावर हेडफोन तसाच ठेवून ओरडले.

"भरीत नव्हे नाना, धूर! डब्यातून!" शेजारचा एक जण म्हणाला.

डब्याच्या जाळीतून पांढरी रेघ सरळ वर येत होती, उदबत्तीसारखी. भाऊंनी स्विच बंद करायला हात घातला तर घाईत हेडफोनचीच वायर ओढली. मग स्विच सापडला. मी पाहत होते. नजर वळवली नाही.

पहिलं वाक्य त्यांनी काय उच्चारलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यापूर्वी क्षणभर मी डळमळले होते. ते मंडळाकडे वळून म्हणाले, "वहिनींनी आकृती काढताना काहीतरी चुकवलं असणार. मी डोळे झाकून विश्वास ठेवला."

डिझाइन जळेपर्यंत त्यांचं होतं. जळल्यावर माझं झालं.

मी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि शिक्षकांच्या हातात दिली. "गुरुजी, मोठ्याने वाचा. पहिला मुद्दा."

मी वह्या इंग्रजीत लिहिते. गुरुजींनी मनात वाचलं, मग मराठीत सांगितलं. "दोन्ही कानांच्या काळ्या तारा एकमेकींना कधीही जोडू नयेत. तीन तारांचा हेडफोन या अ‍ॅम्प्लिफायरला लावू नये. जुन्या एकेरी गाण्यांवर चालल्यासारखं वाटेल, पण दुहेरी रेकॉर्डिंगवर विभाग जळतील." ते थांबले. चष्मा वर केला. पुन्हा पान बघितलं, मागची पानं उलटली, आकृतीशी आले. कोपऱ्यात नाव होतं, तारीख होती. भाऊंच्या फोटोत नेमका तोच कोपरा कापलेला होता. गुरुजींनी पन्नास मुलांच्या नकला पकडलेल्या असणार. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"नाना," ते हळू आवाजात म्हणाले, "हाई तं अक्काना अक्षरमा लिखेल शे. बठ्ठं."

बठ्ठं म्हणजे सगळं. आतून सून दारात येऊन उभी राहिली होती, हातात ताट.

मग मी माझा डबा काढून सतरंजीवर ठेवला, माझा हेडफोन लावला आणि तेच गाणं लावून गुरुजींना दिला. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने डावा हात उचलून म्हणाले, "पोरीवाल्या." मग उजवा उचलला. "पोरावाल्या." आणि मग हसत सुटले, कारण पोरीवाल्यांनी नवरदेवाच्या मामाच्या पोटावर एक कडवं जोडलं होतं. एकेकाने ऐकलं. प्रत्येक जण डावा हात, उजवा हात करत होता. भाऊंनी ऐकलं नाही. ते खिडकीशी उभे होते. सगळ्यांचं झाल्यावर जवळ येऊन म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं? फोनवर?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"लिहिलं होतं, भाऊ," मी म्हणाले. "चला, आमटी नाही आज, पण भरीत वाढते."

त्यांना पाट आठवला की नाही, मला माहीत नाही. मला आठवला होता तेवढं पुरे. मी त्यांना वाढलं, पुन्हा वाढलं. ते जेवले नाहीत. संध्याकाळी मी एसटीत बसले तेव्हा ते ग्रुपमधून बाहेर पडले होते. आधी मंडळाच्या, मग आपल्या.

तुमची आई म्हणते, म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत असं करायला नको होतं. मला विचाराल तर चार लोकांतच केलेलं होतं, म्हणून चार लोकांतच फेडलं. एसटीत मला गाढ झोप लागली. पारोळा कधी गेलं कळलं नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं, पण मार्चमध्ये सून माहेरी जळगावला आली ती पिशवीत जळका डबा आणि तो परदेशी हेडफोन घेऊन. "मोठ्या आई, आबा भंगारात देणार होते. रोज एकदा हात लावून बघतात मात्र."

मी उघडून पाहिलं. दोन विभाग गेले होते, दोन धड होते. जोडकाम, खरं सांगते, सुबक होतं. भाऊंचा हात चांगला आहे. तो रेडिओ त्यांनी केला असता तर कदाचित झालाही असता, पण त्यांनी तो केला नव्हता. मी जळके भाग बदलले. दया म्हणून नव्हे. माझी रचना जळून कुणाच्या घरी पडलेली राहावी, हे मला चालणार नव्हतं. मग तो महागाचा हेडफोन घेतला, दोन्ही वाट्या उघडल्या, जुनी वायर कापून टाकली आणि चार तारांची पिळलेली वायर घातली, टोकाला चार पिनांचा गोल जोड. आता त्यातून दहापट चांगलं ऐकू येतं. आणि आता तो हेडफोन माझ्या डब्याखेरीज दुसऱ्या कशालाही लागत नाही.

शेवटी डबा घेऊन मी आपल्या मिस्त्रींकडे गेले. तेच ते, पत्र्याचे डबे आणि दारावरच्या पाट्या करतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. म्हटलं, पुढच्या पट्टीवर नाव कोरा. "रचना व बांधणी", आणि खाली माझं पूर्ण नाव.

"मॅडम, अक्षर किती मोठं टाकू?"

"सत्तर वर्षांच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं एवढं."

ते हसले. "मग पाठीमागे पण टाकून देतो. डब्बा कोणी फिरवून ठेवला तर?"

शहाणा माणूस. मला सुचलं नव्हतं.

सून परत जाताना घेऊन गेली. भाऊंनी डबा ठेवून घेतला. फोन नाही, निरोप नाही. पण रोज दुपारी दोन तास ऐकतात, असं ती सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांनी पुढची बाजू भिंतीकडे करून ठेवली होती, मग मागचं नाव वाचलं. आता काय करतात विचारलं तर ती फोनवर हसू दाबत म्हणाली, "आता वरून टॉवेल टाकतात, मोठ्या आई. चांगला जाड, दुमडून."

टॉवेल टाकला की जाळी बुजते. आतली हवा कोंडते, डबा तापतो, आणि उन्हाळ्याच्या भरात तासा-दोन तासांनी विभाग मान टाकतात. हा धोका मी वहीत लिहिलेला आहे. त्याच शेवटच्या पानावर, तिसरा मुद्दा.

फोन करून सांगावं का, याचा मी विचार करते आहे. घाई नाही. आत्ता कुठे एप्रिल लागलाय.